योगशिक्षकाचं प्रमाणपत्र : गोव्यात शिकवायचं तर कोणतं, आणि ते नेमकी कशाची हमी देतं?

आबोली_म्हापसा

नमस्कार मंडळी. इथे योग शिकवणारे, शिकणारे आणि पर्यटन व्यवसायातले बरेच गोमंतकीय सभासद आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

मी म्हापशाजवळ एका देवळाच्या सभागृहात सकाळचा वर्ग घेते. बहुतेक बायका चाळिशीच्या पुढच्या, शिवाय काही निवृत्त शिक्षक आणि एक बस कंडक्टर. माझं शिक्षण म्हणजे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका, आणि त्याच्या आगेमागे गुरुजींच्या हाताखाली केलेली उमेदवारी. यंदा सीझन सुरू होताना मांद्र्याच्या एका रिसॉर्टला सकाळच्या वर्गासाठी शिक्षक हवा असल्याचं कळलं. गेले, बोलणं झालं, त्यांच्या पाहुण्यांना एक वर्ग घेऊन दाखवला. पाहुणे खूश होते. मग व्यवस्थापकांनी विचारलं, "आरवायटी 200 आहे का?" म्हणजे 200 तासांच्या कोर्सनंतर मिळणारी 'रजिस्टर्ड योगा टीचर' ही नोंदणी. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग करून या, नंतर बघू." पदविकेचा कागद त्यांनी उघडूनही पाहिला नाही.

हा 200 तासांचा कोर्स त्याच किनाऱ्यावर तीन-चार आठवड्यांत होतो. राहणं-जेवण धरून खर्च लाखाच्या घरात. ज्यांनी आयुष्यात कधी चटई अंथरलेली नाही अशी मुलंही त्यात बसतात आणि महिन्याभराने शिक्षक होऊन बाहेर पडतात.

माझा कागदाला विरोध नाही. माझ्या वर्गात उच्च रक्तदाबाच्या बायका आहेत, एकीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांना कोणी शिकवावं आणि कोणी शिकवू नये हे कुठेतरी ठरलेलं असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. पण आपल्याकडे जो कागद मागतात तो हे ठरवतो का? तो सरकारी आहे का? आयुष मंत्रालयाचीही एक परीक्षा असते म्हणे, ती चालते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.


दर्यादेग

आबोलीताई, मी पेडणे तालुक्यातच एका रिट्रीटचं बुकिंग सांभाळतो. तेव्हा कागद मागणाऱ्यांच्या बाजूने सांगतो.

आमच्याकडे युरोपातून गट येतात. तिकडचा कोणी आयोजक त्यांना घेऊन येतो. त्याचा करार आमच्याशी आणि विमा तिकडच्या कंपनीशी. विमा कंपनी विचारते, वर्ग घेणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे याचा पुरावा काय? तिला म्हापशाचे गुरुजी ठाऊक नाहीत, नाशिकचं विद्यापीठ ठाऊक नाही. तिला ठाऊक असलेलं नाव एकच, योगा अलायन्स. घरी बसून इंटरनेटवर जागा शोधणारा पाहुणाही तेच नाव शोधतो. व्यवस्थापकाला तुमचा वर्ग आवडला असेल, तरी त्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे आणि तो त्याला भरावाच लागतो.

कायद्याचं म्हणाल तर हॉटेलला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली. योगाचा वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला मात्र आपल्याकडे कुठलाच परवाना लागत नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो.


कर्वेनगर_सराव

पुण्याहून लिहितोय, पण सासर डिचोलीचं, त्यामुळे विषय जवळचा.

ज्या संस्थेच्या नावावर हे आरवायटी चालतं ती योगा अलायन्स अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे. 1999 साली सुरू झाली, कार्यालय व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनला. ती सरकारी नाही, आणि अमेरिकेतही योगशिक्षकाला सरकारी परवाना लागत नाही. ती एक नोंदवही चालवते. शाळा आपला अभ्यासक्रम तिच्याकडे पाठवते, तासांची विभागणी दाखवते, मुख्य शिक्षकांची नावं देते, शुल्क भरते आणि 'नोंदणीकृत शाळा' होते. त्या शाळेत 200 तास पुरे केलेला विद्यार्थी पुन्हा शुल्क भरून आपलं नाव नोंदवतो आणि नावापुढे ती अक्षरं लावतो. शरीररचना आणि शरीरक्रियेला मिळून 30 तास, इतिहास-तत्त्वज्ञान-नीतीला 30 तास अशी वाटणी ठरलेली आहे. पुढे दर तीन वर्षांनी किमान 45 तास शिकवल्याचं आणि 30 तास नवं काही शिकल्याचं कळवावं लागतं.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अलायन्स स्वतः कोणाही शिक्षकाची परीक्षा घेत नाही. समोरचा माणूस शिकवू शकतो की नाही, याचा निर्णय शाळेचा. म्हणून त्याच कागदावर एखादा उत्तम तयार झालेला शिक्षक भेटतो आणि एखादा अगदीच कच्चा.

मी अय्यंगार परंपरेत शिकतो. पुण्याच्या रमामणी अय्यंगार संस्थेची पद्धत अशी की आधी काही वर्षं नुसतं विद्यार्थी म्हणून शिकायचं, मग मार्गदर्शक शिक्षकाच्या हाताखाली राहायचं आणि त्यानंतर मूल्यांकनाला बसायचं. मूल्यांकनात तुम्हाला समोरच्या वर्गाला शिकवायला सांगतात आणि ज्येष्ठ शिक्षक ते पाहतात. तुमचं आसन सुंदर असून पुरत नाही. समोरच्याचा गुडघा आत वळतोय हे तुम्हाला दिसलं का, आणि दिसल्यावर तुम्ही काय बोललात, हे बघतात. त्यात नापास होणारे खूप आहेत आणि ते परत येऊन बसतात.


सुरंगी

म्हणजे अलायन्सच्या पद्धतीत शिकवणारी, फी घेणारी आणि पास करणारी संस्था एकच?


कर्वेनगर_सराव

हो, एकच.


कुंडईकर

मी योगातला नाही, तबला शिकवतो. पण सुरंगीताईंनी विचारलेला प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं, कारण हा प्रश्न आमच्या क्षेत्रात फार आधी सुटलेला आहे.

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत मुलं देवळात, घराच्या सोप्यावर, कुठेही कोणाकडेही गाणं-वाजवणं शिकतात. कोणाचे गुरुजी नावाजलेले, कोणाचे गावाबाहेर कुणाला माहीतही नसतात. परीक्षेला मात्र सगळी मुलं गांधर्वच्या एकाच केंद्रावर जातात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, पुढे अलंकार. पलुस्करबुवांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि अखिल भारतीय मंडळ 1931 पासून आहे. परीक्षक बाहेरगावचा येतो. गुरुजी बाहेर व्हरांड्यात उभे. आत परीक्षक म्हणतो, "झपतालाचा ठेका धर, आता दुगुन कर, आता हातावर ताल देऊन म्हण." मुलाने काय वाजवलं ते परीक्षकाने स्वतः ऐकलं, एवढाच त्या प्रमाणपत्राचा अर्थ. मूल पास झालं म्हणून परीक्षकाला जास्त पैसे मिळत नाहीत आणि नापास झालं म्हणून त्याची फी बुडत नाही.

विशारद झालेला प्रत्येक जण मैफलीचा कलाकार होत नाही हे आम्हीच सगळ्यांत आधी सांगतो. पण विशारद झालेल्या मुलाला तीनताल आणि झपताल यांतला फरक कळतो, याबद्दल कोणाला शंका नसते. तुमच्याकडे एवढी किमान खात्री देणारी, शिकवणाऱ्यापासून वेगळी असलेली परीक्षा आहे का?


सुरंगी

कुंडईकरसर, आहे. मी ती दिली आहे, म्हणून तपशिलात लिहिते. आबोलीताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ 2018 पासून काम करतं. त्याआधी 2015 पासून अशी योजना क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडे होती. लोक इंग्रजी आद्याक्षरांवरून 'वायसीबी' म्हणतात. शिकवण्याच्या बाजूला चार मुख्य पायऱ्या आहेत. योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, 200 तासांच्या अभ्यासक्रमाची. त्यावर योग वेलनेस इन्स्ट्रक्टर 400 तास, योग टीचर अँड इव्हॅल्युएटर 800 तास आणि योग मास्टर 1600 तास. उपचाराची बाजू वेगळी. तिथे असिस्टंट योग थेरपिस्टपासून सुरुवात होते.

तुमच्यासारख्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे थेट परीक्षेला बसणाऱ्याने अमुक संस्थेचा कोर्स केलेलाच असावा अशी अट नाही. गुरुजींकडे शिकलात, घरी अभ्यास केलात, तरी बसता येतं. मंडळाने मान्यता दिलेल्या संस्था परीक्षा घेतात. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं.

प्रात्यक्षिकात मला आधी आसनं, प्राणायाम, शुद्धिक्रिया करून दाखवायला लावल्या. मग समोर एक मुलगी बसवली आणि म्हणाले, हिला भुजंगासन शिकवा. मी सुरू केलं. मधेच थांबवून म्हणाले, आता समजा हिला चौथा महिना आहे. मग समजा हिला पाठीत चमक भरते. मग हे आसन कोणाला अजिबात देणार नाही ते सांगा. मी घामाघूम झाले होते, पण बाहेर आल्यावर वाटलं, इतकी वर्षं शिकवत असताना हे प्रश्न मला कोणी विचारलेच नव्हते. मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेतही प्रात्यक्षिक असतंच, पण इथला भर 'दुसऱ्याला कसं शिकवता' यावर जास्त होता.

ही परीक्षा ऐच्छिक आहे. न देता शिकवलं म्हणून कोणी पकडत नाही. आणि पहिल्या पायरीचा आवाका छोटा आहे, 21 जूनला सगळीकडे घेतात तो 45 मिनिटांचा सामाईक योग प्रोटोकॉल नीट घेता यावा, इतपत. आबोलीताई, तुम्ही सरळ वेलनेसपासून विचार करा.


आबोली_म्हापसा

सुरंगीताई, मनापासून आभार. हे मला कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

दर्यादेगदादा, मग रिसॉर्टला हा सरकारी कागद चालेल का?


दर्यादेग

खरं सांगायचं तर मालकावर अवलंबून. भारतीय पाहुणे, कंपन्यांचे गट, लग्नाची वऱ्हाडं जिथे जास्त तिथे चालतो, उलट आयुषचं नाव पाहून बरं वाटतं. परदेशी आयोजक असेल तर त्याला समजावून सांगावं लागतं. मी स्वतः एकदा मंडळाची माहिती इंग्रजीत काढून आयोजकाला पाठवली, त्याने त्याच्या विमा कंपनीला पाठवली, आणि त्यांनी मान्य केलं. फक्त कोणीतरी ते पत्र लिहिण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. आमच्या धंद्यात ते घेणारे फार कमी.

आणखी एक सावधगिरी. 'अलायन्स', 'इंटरनॅशनल', 'वर्ल्ड' असे शब्द नावात असलेल्या संस्था अनेक आहेत, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत. भिंतीवर चौकट लावली म्हणजे नोंदणी झाली असं धरू नका. योगा अलायन्सची यादी इंटरनेटवर खुली आहे, शाळेचं नाव टाकून बघता येतं. पैसे भरण्याआधी बघा.


काणकोणकार

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडणार.

माझे वडील आगोंदच्या बाजूला शाळेत शिक्षक होते आणि आयुष्यभर फुकट योग शिकवत आले. गावातल्या मासेविकणाऱ्या बायांपासून जमीनदार भाटकारांपर्यंत सगळे त्यांच्याकडे आले. महाराष्ट्रात नागपूरला जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने हेच केलं, पैसे न घेता घरोघर योग नेला. ही आपली रीत. आता प्रत्येक पायरीवर शुल्क, प्रत्येक नूतनीकरणाला शुल्क. ज्याच्याकडे लाख रुपये आहेत तो शिक्षक, आणि माझ्या वडिलांसारखा माणूस अप्रशिक्षित?

पाळोळे-पाटण्याला जाऊन बघा. वर्ग घेणारे बाहेरचे, आणि आमची मुलं झोपड्या बांधतात, चादरी धुतात, चहा आणून देतात. योग ज्या मातीतला आहे तिथल्या पोरांना त्याच्याच शाळेत नोकरी मिळते ती झाडलोटीची. दर्जाच्या नावाखाली जेवढे कागद वाढतील तेवढी ही दरी वाढेल. आधी टुरिस्ट व्हिसावर येऊन पैसे घेऊन शिकवणाऱ्यांचं काय ते बोला.


दर्यादेग

काणकोणकारभाऊ, व्हिसाबद्दल तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तो आमच्या लोकांनी गंभीरपणे घ्यायला हवा. ई-पर्यटक व्हिसावर अल्प मुदतीच्या योग कार्यक्रमात भाग घ्यायला येता येतं. मोबदला घेऊन शिकवायला येत नाही. त्याच नियमांत भाषा, संगीत, नृत्य, पाककला अशा छोट्या अभ्यासक्रमांना सहा महिन्यांची मर्यादा आहे, आणि त्यातून पात्रतेचं प्रमाणपत्र वा पदविका दिली जाऊ नये असंही म्हटलं आहे. तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षक होण्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या शाळांनी आपल्याला काय लागू होतं ते आधी वकिलाकडून समजून घ्यावं. काही चांगल्या शाळा हे रीतसर करतात. बाकीच्या सीझन उरकतात.


वैद्य_शिरोडा

मी शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकलो, दवाखाना फोंड्याला. या चर्चेत रुग्णाच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

दरवर्षी सीझनमध्ये आणि 21 जूनच्या आसपास माझ्याकडे ठरावीक तक्रारी घेऊन लोक येतात. मान धरलेली, कमरेतून पायात कळ जाणारी, खांद्याचा स्नायू दुखावलेला. विचारल्यावर कळतं की पहिल्याच आठवड्यात कोणी शीर्षासन करवलं, किंवा मणक्याची गादी सरकलेल्या माणसाला गुडघे सरळ ठेवून पुढे वाकवलं. शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. त्याला विचारायचं काय हेच माहीत नसतं.

ही यादी फार मोठी नाही. रक्तदाब आटोक्यात नसलेल्याला जोराची भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणं देऊ नये. काचबिंदूच्या रुग्णाला डोकं खाली जाणारी आसनं देऊ नयेत, कारण डोळ्यातला दाब वाढतो. पाळी थांबल्यावर हाडं ठिसूळ झालेल्या बाईला जोराने पुढे वाकवलं तर पाठीचा मणका दबून मोडू शकतो. गर्भवतीला कपालभाती नाही. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, अपस्मार. शिक्षकाला यावर उपचार करता यायला नकोत. ओळखता यायला हवं, आणि "तुम्ही आधी डॉक्टरांना विचारून या" असं म्हणायचं धैर्य हवं.

काणकोणकार, तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे. गावातला फुकट शिकवणारा शिक्षक आपल्या माणसांना वर्षानुवर्षं ओळखतो, कोणाला काय झालंय हे त्याला घरचं म्हणून ठाऊक असतं. किनाऱ्यावरच्या वर्गात समोरचा माणूस काल विमानाने आलेला असतो आणि परवा जाणार असतो. तिथे ओळखीची जागा कशाने तरी भरून काढावी लागते. माझ्या मते दर्जाची सगळी गरज इथून सुरू होते.

दुसरं, 'योग थेरपी' हा शब्द. मधुमेह बरा करतो, थायरॉइड बरा करतो अशा पाट्या आपल्याकडेही लागल्या आहेत. योगा अलायन्सनेच 2016 मध्ये आपल्या सभासदांना स्पष्ट केलं की आमच्या नोंदणीच्या आधारे थेरपी हा शब्द वापरू नका. योग थेरपिस्टांची आंतरराष्ट्रीय संघटना वेगळी आहे, आणि तिच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला शिक्षक-प्रशिक्षणावर किमान 800 तास आणखी लागतात. आपल्याकडे निसर्गोपचार व योगशास्त्राची बीएनवायएस पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. आणि तरीही केंद्राने 2020 मध्ये भारतीय चिकित्सा पद्धतींचा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला तेव्हा योग आणि निसर्गोपचार त्यातून बाहेरच राहिले. आयुर्वेदाच्या वैद्याने चूक केली तर तक्रार कुठे करायची हे ठरलेलं आहे. योगाने आजार बरा करतो म्हणणाऱ्याबद्दल तसं केंद्रीय दार नाही. मला सगळ्यांत जास्त काळजी याची वाटते.


झरी

वैद्यकाका, तक्रारीचं दार हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून लिहायचं बळ आलं.

मी उत्तर गोव्यातल्या एका वर्गाला जायचे. नाव सांगणार नाही. तिथला शिक्षक आसन 'दुरुस्त' करायला न विचारता अंगाला हात लावायचा. मी अवघडून जायचे. पहिल्यांदा वाटलं, हीच पद्धत असेल. नंतर आणखी दोघींनी तेच सांगितलं. शिक्षकाच्या भिंतीवर प्रमाणपत्रं भरपूर होती, सगळी खरी. आम्ही जाणं बंद केलं. जागेच्या मालकाला सांगितलं तर म्हणाला, ते मोठे शिक्षक आहेत, तुमचा गैरसमज झाला असेल.

दर्जा म्हणजे फक्त तास आणि परीक्षा असं धरलं तर ही गोष्ट त्यात कुठेच बसत नाही. हात लावण्याआधी विचारायचं, नाही म्हटलं तर तोंडाने सांगून दुरुस्त करायचं, हे शिकवलं गेलं पाहिजे आणि मोडलं तर कोणाला तरी जाब द्यावा लागला पाहिजे.


कर्वेनगर_सराव

झरीताई, हे लिहिल्याबद्दल आभार. तुमचा गैरसमज झाला नव्हता.

दोन ठोस गोष्टी सांगतो. योगा अलायन्सची आचारसंहिता आहे आणि नोंदणी असलेल्या शिक्षकाविरुद्ध तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. त्या कागदाचा मला दिसलेला हा एक खरा उपयोग. दुसरी गोष्ट आपल्या कायद्याची. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त नोकरदार बायकांपुरता नाही. त्या जागी आलेली, तिथे नोकरी नसलेली स्त्रीही त्याखाली तक्रार करू शकते. संस्थेत दहापेक्षा कमी माणसं असतील आणि अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, योग्य कारण असेल तर वाढवून मिळते. आणि सरळ पोलिसांत जायची वाट तर आहेच.


आबोली_म्हापसा

झरी, बाय, तू एकटी नाहीस. म्हापशाला कधी यावंसं वाटलं तर आमच्या वर्गात ये. मी विचारल्याशिवाय कोणाला हात लावत नाही, आणि तुझी पोस्ट वाचून उद्या सगळ्यांसमोर ते मोठ्याने सांगणारही आहे, म्हणजे दुसऱ्या कुठल्या वर्गात गेल्या तरी बायकांना ते मागता येईल.

आता सगळं वाचून मला काय वाटतं ते सांगते.

रिसॉर्टने मागितलेला कागद मी आत्ता करणार नाही. तो वाईट आहे म्हणून नव्हे. लाखभर रुपये आणि महिनाभराचा वर्ग बंद, एवढं देऊन माझ्या शिकवण्यात जी भर पडायला हवी ती पडेलच याची खात्री तो देत नाही. आयुषच्या वेलनेस पायरीचा अर्ज मी भरणार आहे. तिथे मला न ओळखणारा माणूस मला शिकवताना बघेल, हे मला हवं आहे. इतकी वर्षं माझ्या वर्गात बसलेल्या बायका मला चांगलंच म्हणतात. त्या प्रेमाने म्हणतात, आणि म्हणून ते पुरेसं नाही.

काणकोणकारभाऊ, तुमचा राग मला पटतो. आमच्या बार्देसातही तेच चित्र आहे. पण किनाऱ्यावर आमच्या मुलांना उभं राहायचं असेल तर "आमचा योग वाडवडिलांचा" एवढंच म्हणून भागणार नाही. आमच्यातल्या चार जणांनी तरी सरकारी परीक्षा चांगल्या गुणांनी द्यावी आणि दर्यादेगदादा म्हणतात तसं पत्र मालकांच्या हातात ठेवावं. फुकट शिकवणाऱ्यांवर कुठलंही शुल्क लादू नये, हे तुमचं म्हणणं मात्र मी सगळीकडे मांडेन.


काणकोणकार

परीक्षेला माझा विरोध नाही, शुल्काच्या साखळीला आहे. गुरुजींकडे शिकलेल्याला थेट बसता येतं हे मला माहीत नव्हतं. माझी भाची पणजीत बीए करते आणि वडिलांकडे शिकली आहे, तिला सांगतो. पण एक विचारतो. परीक्षा एका दिवसाची. त्या दिवशी सगळेच नीट वागतात. नंतर पाच वर्षं तो माणूस वर्गात काय करतो हे कोण बघणार?


सुरंगी

कोणी बघत नाही. त्या परीक्षेची ही उणीव मलाही जाणवली.


कुंडईकर

एकमेकांनी बघावं. आमच्याकडे जुने तबलजी दुसऱ्याच्या शिष्याला ऐकायला मुद्दाम जातात आणि तोंडावर सांगतात. म्हापसा, फोंडा, मडगाव, काणकोण, चार ठिकाणचे शिक्षक अधूनमधून एकमेकांच्या वर्गात मागे जाऊन बसले तर त्याला ना मंत्रालय लागतं ना शुल्क.


वैद्य_शिरोडा

ही सूचना मला फार आवडली. यात मी येईन. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालं, आमच्या शिरोड्याचं महाविद्यालय आहे. तिथल्या जाणत्या मंडळींना एखाद्या सत्राला बोलावता येईल, मी विचारून बघतो.

दरम्यान वर्गात नाव घालताना भरून घ्यायचा आरोग्याचा एक पानी मराठी अर्ज मी तयार करतो आणि इथेच टाकतो. कोणीही वापरा. त्यात रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह आणि त्याची औषधं, मणका, सांधे, शस्त्रक्रिया, गर्भारपण, पाळी थांबली आहे का, चक्कर, झटके, काचबिंदू, हर्निया, आणि शेवटी "शिक्षकाने हात लावून दुरुस्ती केलेली चालेल का, हो किंवा नाही". हा शेवटचा प्रश्न झरीताईंमुळे.


आबोली_म्हापसा

देव बरें करूं, वैद्यकाका. एक शंका. काचबिंदूवाल्यांना शीर्षासन, सर्वांगासन मी देतच नाही. पण नुसतं उभं राहून पुढे वाकणं चालतं ना? माझ्या वर्गात अशा दोघीजणी आहेत.


वैद्य_शिरोडा

नाही, तिथेही जपा. उत्तानासन, अधोमुख श्वानासन, हलासन आणि विपरीत करणी या चारही स्थितींत डोळ्यातला दाब वाढतो हे मोजून पाहिलेलं आहे, आणि त्यांत अधोमुख श्वानासनात तो सर्वाधिक चढलेला आढळला. पुन्हा सरळ झाल्यावर तो काही मिनिटांत उतरतो, पण ज्यांच्या डोळ्याच्या नसेला आधीच इजा झाली आहे त्यांनी तो धोका का घ्यावा? दोघींना खुर्चीचा आधार घेऊन पाठ जमिनीला समांतर राहील इतकंच वाकू द्या, डोकं हृदयाच्या खाली जाऊ देऊ नका. आणि त्यांच्या नेत्रतज्ज्ञांना एकदा विचारायला सांगा.